रिलिव्हर

टीव्हीवरच्या सिनेमात डॉक्टरने कवटी उघडून एकाच्या मेंदूत यंत्र बसवलं. भोंगा वाजला की तो माणूस हुकूम पाळायचा. “काहीतरीच,” मैत्री हसली. “असा मेंदूचा ताबा घेता येतो होय?” तेवढ्यात सिनेमातला भोंगा वाजला. डोक्याच्या ऑपरेशननंतर कुणालाच न ओळखणाऱ्या बाबांचे दोन्ही हात एकदम उठले आणि हवेतली दोन बटणं दाबू लागले. चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर जन्मभर दाबली होती, तशीच. मैत्रीने टीव्ही बंद केला. हात थांबेनात. “अहो, पुरे!” आई काकुळतीला आली. तिला आठवलं, पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आल्याशिवाय ते मशीन सोडत नसत. तिने खांद्यावर थाप मारून आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं. “साहेबराव, मी आलोय. घरी जा.” हात खाली आले. ते उठले आणि आपल्याच घराच्या दारात चपला शोधू लागले.