आजच्यापुरती दया

चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत पाळकांनी विचारलं, "कुणासाठी प्रार्थना करायची?" मी उठले. "या व्हर्लीनसाठी! हिनं विकलेल्या नशेच्या गोळ्यांनी माझा पोरगा गेला. आता बाईसाहेब पवित्र व्हायला आल्यात! हिची पर्स उघडा, गोळ्या सापडतील." व्हर्लीननं पर्समधून बाटली काढून माझ्या हातात ठेवली. "आहेत, इडेलाताई. माझ्यानं फेकवत नाहीत. प्रभूच्या दयेवर एकेक दिवस काढतेय. तुम्हीच ठेवा. दारात येऊन गयावया केली तरी देऊ नका." बायकांनी डोळे पुसत "आमेन" म्हटलं. मीही म्हटलं. घरी येऊन मी बाटली रस्त्याकडच्या खिडकीत मांडली आणि दाराची कडी काढून ठेवली. रोज कामावर जाताना व्हर्लीन तिथं थांबते, बाटलीकडे बघते, "प्रभू, आजच्यापुरती दया कर," म्हणते आणि पुढे जाते. त्याची दया अजून संपलेली नाही. माझं वाट बघणंही.