दुपारची तपासणी

नेटवाला आला तेव्हा मावशी आईला सूप भरवत होत्या आणि लेक कपाटाला टेकून त्यांच्या हातांकडे बघत होती.

घरातलं नेट सारखं जातं, असं तिने नेटवाल्याला फोनवर सांगितलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात, ते हेच. तिला नेट नको होतं, पुरावा हवा होता. भर दुपारी राऊटर कोण बंद करतं, ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायला तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, वाचाही गेलेली. दिवसभर तिचं सगळं पगारावर ठेवलेल्या मावशी करायच्या. ऑफिसातून आईला बघता यावं म्हणून लेकीने भिंतीवर कॅमेरा लावला होता आणि मावशींना तसं सांगितलंही होतं. पण ती मोबाईलवर बघायला गेली की कॅमेऱ्याचा निळा दिवा लागायचा, क्षणभर खोली दिसायची आणि चित्र गायब. रोज हेच. त्यात परवा आईच्या मनगटावर काळानिळा डाग दिसला. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला! विमा कंपनीत दावे तपासायचं तिचं काम. माणसं खोटं बोलतात यावरच तिचा पगार चालायचा. निळा दिवा दिसला की मावशी उठतात आणि राऊटरचं बटण बंद करतात, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. दुसरी बाई मिळेल का, अशी चौकशीही करून झाली होती.

नेटवाला बडबड्या होता. भिंतीतल्या ओलीपासून वायरींच्या भावापर्यंत सगळ्यावर बोलत त्याने आपला लॅपटॉप राऊटरला जोडला. मग घरातलं वायफाय सोडून, ऑफिसातून बघता तसाच कॅमेरा बघा, असं तिला सांगितलं.

तिने मोबाईल उघडला. निळा दिवा लागला. मावशींचा चमचा वाटी आणि आईचं तोंड यांच्या मध्ये होता. राऊटरचे सगळे दिवे एकदम विझले आणि थोड्या वेळाने एकेक करून परत लागले. मावशी जागच्या हलल्या नव्हत्या. तरी लेकीने त्यांच्या पायांकडे एकदा बघून घेतलं. बटण पायापासून बरंच लांब होतं.

नेटवाल्याला मात्र उकल सापडल्याचा आनंद झाला होता. राऊटरच्या आत प्रत्येक वस्तूच्या नावासाठी ठरावीक जागा असते, तो सांगू लागला. इंग्रजी अक्षराला एक घर पुरतं, आपल्या अक्षराला तीन लागतात, आणि बनवणाऱ्यांनी नाव मोजून न घेता तसंच आत ओतलंय. कॅमेरा बघायला गेलं की राऊटर ते नाव वाचायला घेतो, नाव जागेत मावत नाही, शेजारच्या जागेत सांडतं. तिथे त्याने स्वतःचं काम मांडून ठेवलेलं असतं, ते पुसलं जातं. मग तो भांबावतो आणि बंद पडून पुन्हा सुरू होतो.

"आणि मॅडम, ही नुसती कटकट नाही, भोक आहे. बाहेरचा एखादा मुद्दाम असंच काहीतरी आत ओतून तुमच्या घरात शिरू शकतो."

बाहेरचं कोणी शिरेल, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"बघू तरी, एवढं लांबलचक नाव ठेवलंय कशाचं," असं म्हणत तो पडद्याकडे वाकला. लेकीला आठवलं. कॅमेरा लावताना मोबाईलवरच्या ॲपने त्याचं नाव विचारलं होतं आणि तिने सवयीने, दाव्याच्या फायलीवर लिहावा तसा, सगळा विषय लिहून टाकला होता. ती पुढे झाली, पण तोवर तो खणखणीत आवाजात वाचून मोकळा झाला होता.

"मावशी आईवर हात उगारतात का, दुपारची तपासणी."

खाली मान घालून नेटवाल्याने राऊटरमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकलं, कॅमेऱ्याचं नाव नुसतं 'आई' केलं आणि पाणीही न घेता निघून गेला.

मावशींनी आईची हनुवटी पुसली. वाटीतलं उरलेलं सूपही सावकाश भरवलं.

"सापडलं का मग काही, ताई?"

"नाही हो मावशी. ते राऊटरचंच निघालं."

माफी मागायची होती. तिने रिकामी वाटी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त, मावशी आता सोडून जातील याची भीती.

मावशी सोडून गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीने ऑफिसात मोबाईल उघडला. निळा दिवा लागला असणार, कारण मावशींनी मान वर केली. चित्र गेलं नाही. खोली स्वच्छ दिसत होती. जेवण झालेलं होतं, आई उशीला टेकली होती, मावशी शेजारी खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

आईचा चांगला हात चादरीवरून सरकायला लागला. खुर्चीच्या बाजूला आला आणि तिथे चाचपडत राहिला, रोजच्या जागी ठेवलेली वस्तू अंधारात शोधावी तसा. रोज दुपारी तो हात कुठे असायचा, ते लेकीला आत्ता कळलं.

मावशींनी त्या हाताकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहिलं. आणि आपले दोन्ही हात, नीट दिसतील असे, मांडीवर तसेच ठेवले.