वेलिकाचं मौन

"आदराने गप्प राहणं," ओग्न्यानने वाचून दाखवलं. "बघ आई, तुझ्यावरूनच लिहिलाय हा अर्थ."

अंगणात मिरच्यांची माळ ओवणाऱ्या वेलिकाने मान वर केली नाही. लेक सोफियाहून शब्दकोशाचं कच्चं पान घेऊन आला होता. सगळ्या स्लाव भाषांची जी मूळ आई, तिच्या मागे तो तीस वर्षं होता. ती भाषा कुणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या लेकी-भाषांवरून तिचे शब्द जुळवायचे आणि प्रत्येक शब्दाआधी एक तारा काढायचा, म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही. सध्याचा शब्द होता 'गोवेती'. भीतीने गप्प राहणं की आदराने, यावर पंडितांची जुंपली होती. त्यांना भांडायला एवढं पुरतं. पान उद्या छापायला जायचं होतं, आणि ओग्न्यानकडे घरचाच पुरावा होता.

गावात नव्या सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, याला अजून हाच शब्द होता. सासऱ्याने "बोल, पोरी" म्हटलं की मौन सुटायचं. कुणाचं चाळीस दिवसांत, कुणाचं वर्षात. वेलिकाचं नऊ वर्षं, सासरा मरेपर्यंत सुटलं नाही. एवढा आदर आख्ख्या डोंगरात कुणी पाहिला नसेल, असं ओग्न्यान चारचौघांत मिरवत आला होता.

आजोबा कधी "बोल" म्हणालेच कसे नाहीत, एवढंच त्याने विचारलं.

लग्नानंतर महिन्याभरात सासूबाई गेल्या, वेलिका म्हणाली. त्या दुःखात ते राहूनच गेलं. सुनेने किंवा नवऱ्याने आठवण करून द्यायची नाही, अशी रीत. मग एक दिवस मामंजी अंथरुणाला खिळले. तिला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "तुझ्या सासूने जाण्याआधी माझ्या वतीने तुला बोलायची मोकळीक दिली होती ना, पोरी? मग इतकी वर्षं माझ्यावर कसला राग धरलास?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? 'बोल' तेव्हाही कुठे म्हणाले होते? मी त्यांचा हात ओठांना लावायला गेले. त्यांनी तो काढून घेतला."

ओग्न्यानला फार वाईट वाटलं. त्याने पेन काढलं, पण काय खोडावं ते कळेना.

"असू दे, आदरच लिही," वेलिका म्हणाली. "माझ्याकडून आदरच होता. मामंजी मात्र राग समजून गेले."