ओली राख

घरातल्या भिंतीवरच्या क्रूसामागे खोचलेली वाळकी झावळी वारा नसतानाही सळसळली. गेल्या वर्षी झावळ्यांच्या सणाच्या रविवारी कार्मेलीनच्या नवऱ्याने ती चर्चमधून आणून तिथे लावली होती. पुढे मासेमारीला गेला असता समुद्राने त्याला नेले. प्रेतही दिले नाही. तेव्हापासून तिची एकच प्रार्थना होती: त्याला परत दे.

राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळी लावायची राख करण्यासाठी, जुन्या झावळ्या गोळा करत फादर काही दिवस आधी दारी आले.

"ही राहू द्या, फादर. त्याच्या हातची एवढीच उरलीय."

"भिंतीवर ठेवून काय करशील, बाय? राख झाली तर तुझ्या कपाळी तरी येईल."

तिने स्वतःच ती उपसून दिली. घरातली सळसळ थांबली.

बुधवारी ती वेदीपुढे गुडघे टेकून बसली. फादरांचा मऊ अंगठा राखेत बुडताना तिने पाहिला. कपाळाला मात्र जाळी ओढून खरखरीत झालेला, थंडगार अंगठा लागला. कानाशी झावळी सळसळली. राख ओघळून ओठांवर आली, आणि ती खारट होती.

"राख तर कोरडी होती," फादर आपल्या अंगठ्याकडे पाहत पुटपुटले.

कार्मेलीनने डोळे मिटले. त्या दिवशी तिच्या प्रार्थनेत प्रथमच कोणतीही मागणी नव्हती.