पुण्याला पाठवलेले फोटो

गॅसच्या बटणांचा फोटो जरा हलला होता, म्हणून निरुपमाबाईंनी आणखी एक काढला. मग औषधांच्या डबीचा, सोमवारचा कप्पा रिकामा दिसेल असा. मग दाराला आतून लावलेल्या कडीचा. तिन्ही सलीलला पाठवले. कुठूनतरी बारीक टिंग आलं. कारेलीबागेतल्या या जुन्या सोसायटीच्या भिंती पातळ होत्या. शेजारच्यांचा फोनसुद्धा आपलाच वाटे.

सलीलची अटच होती तशी. रोज सकाळी तीन फोटो, नाहीतर फ्लॅट बंद करून आईला पुण्याला न्यायचं. निरुपमाबाईंना बडोदं सोडायचं नव्हतं. पुण्यात त्यांना एकही रस्ता ओळखत नव्हता.

हॉलच्या भिंतीवर सलीलचा फोटो होता. बावीस वर्षांचा, काटकुळा, काळ्या कुरळ्या केसांचा, नव्या स्कूटरवर रेललेला. डाव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज. त्याच सकाळी स्टँड लावताना अंगठा चेपला होता. फोटो बिघडेल म्हणून त्याने हात लपवायला हवा होता, पण रोलमधला शेवटचा होता, पुन्हा काढता आला नाही. तो छत्तीस फोटोंचा रोल सव्वा वर्ष पुरला होता. लहरीपुऱ्यातल्या स्टुडिओत धुवायला दिला की आठवडाभर धाकधूक.

आता चहाला उकळी फुटेपर्यंत सात फोटो होत.

त्या सातांतला एक त्यांनी बोटांनी मोठा करून पाहिला आणि चहा गाळायच्या थांबल्या. गॅसमागच्या ओट्यावर दोन कप उपडे घातलेले होते. त्यांनी एकच वापरला होता.

निरुपमाबाईंनी एकतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली होती. एका वाचनावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे त्यांनी किती मुलांना बजावलं होतं. त्यांनी वही घेतली आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या जागांचे फोटो काढायला सुरुवात केली. ओटा, चपलांचं कपाट, बाल्कनीतली दोरी.

चार दिवसांत नोंदी अशा झाल्या. पुरुषी चपला, मोठ्या मापाच्या: दोन वेळा. ओला निळा टॉवेल: तीन वेळा. बेसिनवर दाढीचा ब्रश: एकदा. आणि कडी? प्रत्येक फोटोत आतून लावलेली.

माणूस आत येत होता, आणि दार उघडत नव्हतं. या दोन्ही गोष्टी एका वहीत बसत नव्हत्या.

सलीलला सांगायची सोय नव्हती. तो म्हणाला असता, आईला भास होतात, आणि तिकीट काढलं असतं. त्या माणसाचाच फोटो मिळाला तरच बोलण्यात अर्थ होता.

जिन्यात खालच्या मजल्यावरची नयनाबेन भेटली तेव्हा त्यांनी तिला चपलांचा फोटो दाखवला. कपांचंही सांगितलं.

"मासी, असा चोर मनेय आपो ने, मला पण द्या एक," नयनाबेन म्हणाली. "कप पण धुवून ठेवतो."

"सलीलला बोलू नकोस मात्र."

नयनाबेनने मान हलवली. हसता हसता तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि मासींची पिशवी उचलून त्यांच्या दारापर्यंत आली.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर निरुपमाबाई आरामखुर्चीत डोळे मिटून बसल्या. फोन मांडीवर, पदराआड. आवाज बंद केलेला. पूर्वी असा एक फोटो काढायचा तर प्रकाश मोजा, अंतर मोजा, श्वास धरा. आता फक्त अंगठा हलवायचा होता.

वीस मिनिटांनी मागच्या खोलीचं दार करकरलं. पावलं स्वयंपाकघरात गेली. नळ वाजला. मग ती जवळ आली, आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर काहीतरी अलगद ठेवलं गेलं.

निरुपमाबाईंनी अंगठा हलवला. एकदा, दोनदा, तीनदा.

पावलं परत गेल्यावर त्या उठल्या. घाई केली नाही. आपल्या खोलीत जाऊन कडी घातली आणि मग फोन पाहिला.

तिसरा फोटो स्वच्छ आला होता. पन्नाशीचा माणूस. टक्कल, चष्मा, दाढीचे पांढरे खुंट. त्यांचाच स्टीलचा पेला त्यांच्याच स्टुलावर ठेवत होता, शेजारी दुपारची गोळी. अनोळखी माणूस घरात इतका सवयीने कसा वावरतो याचा त्यांना राग आला. पोलिसांना लागेल म्हणून त्यांनी वहीत खुणा लिहिल्या: उंची मध्यम. जरा वाकून चालतो. डाव्या अंगठ्याला नख नाही.

मग सलीलला निरोप लिहिला.

'हा माणूस आपल्या घरात राहतो. मला भास होत नाहीत, फोटो पाठवते आहे. पुण्याला ने हवं तर. पण ये.'

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. फोटो जोडला. पाठवला.

बाहेर पावलं वाजली. ती खोलीशी येऊन थांबली. कोणीतरी दारावर हात ठेवला असावा, फळी किंचित कुरकुरली. निरुपमाबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, फोन छातीशी धरून. या भागात रेंजचा भरवसा नव्हता. एकच बारीक खूण. फोटो अजून पोचला नव्हता.

मग पोचला.

दाराच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, टिंग वाजलं.

 मग खुणा निळ्या झाल्या आणि सलीलचं उत्तर उमटलं.

'निघालो, आई.'