वेशीवर अडलेलं कलम

नवरीची गाडी सासरच्या वेशीवर पोचली आणि तिथल्या तपासणीच्या कमानीचा दिवा लाल झाला. सगळ्यांच्या नजरा रेवतीच्या मांडीवरच्या संत्र्याच्या कलमाकडे वळल्या.

"ताई, या रोपात विषाणू निजलेला आहे जी," कमानीवरची मुलगी म्हणाली. "आत नाही नेता यायचं."

"नवरीला अडवलं नाही, एवढं तरी बरं!" पाठराखीण म्हणून आलेल्या इंदूमावशी म्हणाल्या. "पानं तर कशी तुकतुकीत आहेत!"

"कलम ज्या खुंटावर बांधतात, तो तुमच्याकडचा असला तर हा निजूनच राहतो, मावशी. इथल्या झाडांत पसरला की इथल्या खुंटावर जागा होतो, अन् मग बागाच्या बागा वाळतात."

रेवतीनं कुंडी पोटाशी धरली. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिनं लावलेल्या झाडाचंच हे कलम. समोर सासरच्या बागा हिरव्यागार दिसत होत्या. तिनं डोळे पुसले आणि स्वतःच कुंडी खाली ठेवली.

मावशींचा त्या दिवशी उपास होता; तो सोडायला त्यांनी त्याच झाडाचं संत्रं आणलं होतं. "मग हे गं बाई?"

"फळ खुशाल न्या. बियांत तो उतरत नाही. शिवाय संत्र्याचं बी बहुतेक आईझाडावरच जातं, अगदी हुबेहूब. फक्त फळं धरायला फार उशीर लागतो."

दिवस मावळला होता. मावशींनी हात जोडले, संत्रं सोललं, सावकाश खाल्लं आणि बिया पुसून रेवतीच्या ओटीत घातल्या.

"लाव. उशिरा येईल, पण आईच येईल."

गाडी निघाली, तेव्हा कमान हिरवी होती.