दोन्हीकडून वीज

गुरुवारी दुपारी अप्पांनी नकाशा पलंगावर पसरला आणि पंख्यानं उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर चहाची बशी ठेवली. पालमच्या बसस्टँडमागं विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंग स्टेशन होणार होतं. आखणी त्यांच्या मुलीची, शिवरंजनीची होती. छपरावर सोलर, खोलीत बॅटऱ्या. गाड्या भर उन्हात चार्ज करायच्या, म्हणजे संध्याकाळी गावाच्या लाईनीवर ताण येणार नाही. उरलेली वीज त्याच लाईनीत सोडायची.

अप्पा तीस वर्षं लाईनमन होते. ट्रान्स्फॉर्मरखालच्या डीपीतले फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवल्याशिवाय ते कधी खांबावर चढले नव्हते. आपल्या खिशातला फ्यूज दुसरा कोणी बसवू शकत नाही, एवढा साधा हिशेब.

"फ्यूज माझ्या खिशात हायेत," ते म्हणाले, "पण तुझ्या पत्र्यावरचं ऊन कोणाच्या खिशात?"

"लाईन गेली की मशीन आपोआप बंद होतं, अप्पा."

"मग पोलवर बी त्यालाच चढव."

ती चिडली. पण पेन्सिल घेऊन तिनं स्टेशनच्या बाहेरच्या भिंतीवर छपरावरची वीज तोडायला हातानं पाडायचा एक मेन स्विच आखला. अप्पांनी चष्मा वर करून बघितलं आणि बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

शुक्रवारी, गंगाखेडच्या गाडीची वाट बघत असताना, ते स्टँडच्या बाकावर बसल्या जागी गेले.

पाच महिन्यांनी चाचणी होती. पहिली गाडी चार्जिंगला लावली आणि वीस मिनिटांत गावाकडून येणारी वीज गेली. बाहेरच्या खांबावरचा, दोन तारा जोडणारा जंप जळाला होता. सटवाजी लाईनमननं डीपीतले फ्यूज काढले, खिशात टाकले आणि खांबाला शिडी लावली.

गाडीवरचा हिरवा दिवा चालूच होता.

"हे कशावर चालायलंय?" शिवरंजनीनं विचारलं.

"बॅटरीवर, मॅडम," ठेकेदार राजशेखर म्हणाला. "बाहेर लाईनीत जात नाही. मशीनला तशी सेटिंग दिलीय."

"तपासली का?"

"कंपनीतूनच करून आलीय."

"मेन स्विच कुठाय? बाहेरच्या भिंतीवर होता नकाशात."

"बाहेर येणारा-जाणारा हात लावतो, म्हणून आत बसवला. चावी वॉचमन आश्रुबाकडं हाय. जेवायला गेलाय, येईलच आता."

खोलीला कुलूप होतं. छपरावर ऊन रणरणत होतं. सटवाजी शिडीच्या मध्यावर पोचला होता.

"तारांवर अर्थिंगची साखळी टाकली का, वीज आली तर जमिनीत उतरायला?" तिनं खालून विचारलं.

"साखळी दुसऱ्या गावाला गेलीय कामावर." सटवाजीनं खिसा थोपटला. "फ्यूज हितं हायेत की, म्याडम! तुमच्या अप्पांच्याच हाताखाली शिकलोय. आज पहिल्यांदा चढायलोय का मी?"

तो आणखी दोन पायऱ्या चढला.

लहानपणी अप्पा खांबावर दिसले की ती दप्तर पाठीवर घेऊन रस्त्यातच उभी राहायची, ते उतरेपर्यंत. हाक मारायची नाही. पोलवर चढणाऱ्याच्या घरात भीतीचं नाव काढायचं नसतं, असं आईनं सांगितलेलं. अप्पा घरी आले की ती पाणी नेऊन द्यायची आणि शाळेतलं काहीतरी सांगायची.

आता नियम सांगता आले असते. ते तिला तोंडपाठ होते.

"सटवाजी, खाली या."

"का हो?"

"दोन मिनिटांचं काम हाय, मॅडम," राजशेखर हसला. "साहेब लोक चारला यायलेत. तोवर लाईन नको का?"

सटवाजीनं एका हातानं शिडी धरली होती. दुसऱ्या हातात पकड होती. तो तारेकडं बघत होता.

"मला भीती वाटायलीय," ती म्हणाली.

राजशेखरचं हसणं थांबलं. फलाटावरची माणसं वळून बघू लागली. तिनं मान वर केली, आणि या वेळी ओरडून म्हणाली,

"लय भीती वाटायलीय मला! तुमी खाली या!"